घुमटाचे चित्र आणि हजेरीपट

आमच्या बैठकीच्या खोलीत एक जुने चित्र टांगलेले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुतण्याने ते आमच्या निवृत्तीच्या वेळी भेट म्हणून पाठविले. ४ मार्च १८६१ रोजी अब्राहम लिंकन यांनी वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलसमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनासमोर, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या प्रसंगाचे हे चित्र ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाने त्याच महिन्यात कोरीव ठशावरून छापले. खाली माणसांचा समुद्र आणि त्यांच्या डोक्यावर अर्धवट उभा राहिलेला घुमट: भोवती खांबांचे कडे, वर उघडे आकाश आणि मधोमध यारीचा उंच दांडा.

मंडळाच्या वास्तूच्या वर्धापनानिमित्त स्मरणिका काढण्याचे ठरले आणि तिची पहिली बैठक आमच्या घरी झाली. वास्तू बांधली तेव्हाची जमाखर्चाची वही आमच्यापाशी होती. तीत गवंडी, सुतार, पाथरवट आणि पाणी वाहणाऱ्या बायका यांची नावे आठवड्याच्या मजुरीसह लिहिलेली आहेत. ही नावे स्मरणिकेत छापावीत, असे आम्ही सुचविले. त्यावर आमच्या एका स्नेह्यांनी भिंतीवरील चित्राकडे बोट दाखविले. यादवी युद्धात देश फुटत असतानाही लिंकन यांनी या घुमटाचे काम थांबू दिले नाही, कारण घुमट चढताना दिसला तर संघराज्यही टिकणार अशी लोकांची खात्री पटेल, असे ते म्हणाले होते, ही प्रसिद्ध कथा त्यांनी सांगितली. “इमारती स्वप्नांनी उभ्या राहतात, मजुरीच्या पावत्यांनी नव्हे,” असा समारोप करून त्यांनी चहाचा पेला उचलला. सभासदांनी माना डोलावल्या आणि आमची सूचना बारगळली.

स्नेह्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्यांचे वाक्य खोटे आहे, आणि ज्या चित्राच्या आधाराने ते उच्चारले गेले तेच चित्र त्याच्या विरुद्ध साक्ष देते, हे आम्ही येथे मांडणार आहोत. आमचे सारे आयुष्य सरकारी कागदांत गेले. कागद रूक्ष असतो हे आम्ही मान्य करतो. तो निरुपयोगी असतो हे मात्र मान्य करीत नाही.

प्रथम चित्राकडे पाहू. त्या काळी छायाचित्र जसेच्या तसे अक्षरांच्या खिळ्यांबरोबर छापण्याची सोय नव्हती. ती पुढे १८८० नंतरच्या काळात आली. त्यामुळे छायाचित्र किंवा रेखाटन आधी लाकडावर उतरवीत आणि मग कारागीर ते कोरीत. कोरीव कामासाठी लागणारे बॉक्सवूड हे घट्ट लाकूड मोठ्या आकारात मिळत नसे, म्हणून लहान लहान ठोकळे बोल्टांनी जोडून एक मोठा ठसा तयार करीत. घाई असली की ठोकळे सुटे करून अनेक कारागिरांना वाटून देत. कोणी आकाश कोरी, कोणी खांब, कोणी गर्दी. पुन्हा जोडल्यावर सांध्यावर कधीकधी बारीक पांढरी रेघ राहून जाई. आमच्या प्रतीत अशी एक रेघ घुमटाच्या शेजारून आकाशातून खाली उतरते. विक्रेत्यासाठी ते वैगुण्य असेल. आम्हांला ती अनेक हातांनी केलेली सही वाटते.

याच चित्रावर पुढे कोणीतरी रंग चढविले आहेत. आकाश निळे, निशाणे लाल. मूळ साप्ताहिक काळ्या शाईत छापले जात असे. रंग नंतरचे आहेत आणि ते चौकटीत शोभावे म्हणून आहेत. त्यासाठी पानही अंकातून कापलेले आहे. त्याच्या पाठीमागचा मजकूर ओळीच्या मध्येच तुटतो. रंग चढवायचे आणि पाठीमागचा मजकूर कापून टाकायचा, हे या एका पानाचे झाले. या घुमटाच्या कथेचेही नेमके तेच झाले आहे.

लिंकन यांच्या तोंडी घातलेले ते उद्गार १९०७ साली छापलेल्या एका आठवणींच्या पुस्तकातून आले आहेत, आणि तेथे ते १८६३ सालच्या एका संभाषणात सांगितले आहेत. म्हणजे संभाषण आणि छपाई यांत चव्वेचाळीस वर्षांचे अंतर. ते उद्गार खोटेच आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु घुमटाचे काम का चालू राहिले याचे उत्तर त्या काळच्या कागदांत वेगळे सापडते.

जुना घुमट लाकडाचा होता आणि त्यावर तांब्याचा पत्रा होता. इमारतीला दोन्ही बाजूंनी मोठे पंख जोडण्याचे काम १८५१ साली सुरू झाले, तेव्हा तो घुमट ठेंगणा दिसू लागला. १८५५ साली नव्या घुमटाला मंजुरी मिळाली. वास्तुविशारद होते टॉमस वॉल्टर आणि कामावर देखरेख करणारे लष्करी अभियंता होते माँटगोमेरी मेग्ज. हा घुमट ओतीव लोखंडाचा. पूर्ण झाला तेव्हा त्यात ८९ लाख पौंडांहून अधिक लोखंड होते. यारी वाफेच्या इंजिनावर चाले आणि त्या इंजिनात जुन्या घुमटाचे लाकूड जाळीत. चित्रातला तो उंच दांडा या यारीचाच.

एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. मे महिन्यात मेग्ज यांनी काम थांबविण्याचा आदेश दिला. पैसा आणि माणसे युद्धाला हवी होती. कॅपिटॉलमध्ये सैनिकांचा मुक्काम पडला, तळघरात त्यांच्यासाठी पाव भाजण्याच्या भट्ट्या लागल्या. काम थांबविण्याचा आदेश सरकारचाच होता, हे लक्षात घ्यावे. चालू ठेवले ते ठेकेदाराने. न्यूयॉर्कच्या जेन्स, फाउलर, कर्टलंड या ओतशाळेचे सुमारे १३ लाख पौंड लोखंड त्या वेळी जागेवर येऊन पडले होते. ते बसविल्यावर पौंडामागे ७ सेंट मिळायचे होते. न बसवलेले लोखंड गंजणार, हरवणार आणि त्याचे पैसेही बुडणार, हा त्यांच्यापुढचा रोकडा प्रश्न होता. पैसे केव्हा मिळतील याची हमी नसताना त्यांनी आपल्या जोखमीवर काम पुढे रेटले. १८६२ च्या वसंतात काम युद्धखात्याकडून अंतर्गत कारभाराच्या खात्याकडे गेले आणि मग सरकारी कारभार पुन्हा सुरळीत झाला.

आता आमच्या स्नेह्यांना आम्ही नम्रपणे विचारतो. घुमट स्वप्नाने चढला की जागेवर पडलेल्या लोखंडाने? ज्याने सार्वजनिक बांधकामाचे एक तरी बिल पास केले आहे त्याला उत्तर ठाऊक आहे. यात लिंकन यांचा काडीमात्र कमीपणा नाही. मोठ्या माणसाला मोठे ठरविण्यासाठी दुसऱ्याचे श्रेय त्याच्या पदरात घालावे लागत नाही.

ही झाली ठेकेदाराची बाजू. त्याच्याही खाली आणखी एक थर आहे, आणि आमचा खरा मुद्दा तेथे आहे.

या इमारतीची कोनशिला १८ सप्टेंबर १७९३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी बसविली. तो सोहळा चित्रांतून आणि पाठ्यपुस्तकांतून सर्वांना माहीत झाला. परंतु १७९५ ते १८०१ या काळातील सरकारी खजिन्याच्या पावत्यांमध्ये आणखी काही लिहिलेले होते. मजूर म्हणून राबणारे कृष्णवर्णी गुलाम त्यांच्या मालकांकडून भाड्याने घेतलेले होते. त्या भाड्यापोटी केलेल्या ३८५ भरण्यांच्या नोंदी सापडल्या आहेत. दर माणशी महिन्याला सुमारे ५ डॉलर, आणि तेही मालकाच्या हाती. दगड व्हर्जिनियातील अ‍ॅक्विया क्रीक येथील खाणीतून येत असे. तो फोडणारे, नावेत चढविणारे, लाकूड कापणारे यांत हे लोक होते. ज्या इमारतीत स्वातंत्र्यावर भाषणे व्हायची तिच्या भिंती स्वातंत्र्य नसलेल्यांनी रचल्या.

ही गोष्ट दोनशे वर्षे कोणी लपवून ठेवली नव्हती. पावत्या दप्तरात होत्या. फक्त कोणी पाहत नव्हते. २००० साली एका दूरचित्रवाणी वार्ताहराने त्या लोकांपुढे आणल्या. २००५ साली कॅपिटॉलच्याच इतिहासकाराने सविस्तर अहवाल लिहिला. २००८ साली उघडलेल्या अभ्यागत केंद्राच्या मुख्य दालनाला ‘मुक्तिदालन’ या अर्थाचे नाव देण्यात आले आणि २०१२ साली तेथे जुन्या दर्शनी भिंतीतलाच एक दगड या मजुरांच्या स्मरणार्थ बसविण्यात आला. संसदेने आपल्या भवनाचा इतिहास दुरुस्त केला तो कोणा कवीच्या स्फूर्तीने नव्हे. मजुरीच्या पावत्यांनी केला.

आणखी एक नाव सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. घुमटाच्या शिखरावर ब्राँझची साडेएकोणीस फूट उंचीची ‘स्वातंत्र्यदेवते’ची मूर्ती आहे. मूर्तिकार टॉमस क्रॉफर्ड. त्याने आधी तिच्या डोक्यावर मुक्त झालेल्या गुलामाची टोपी घातली होती. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस, जे पुढे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष झाले, त्यांनी या टोपीला हरकत घेतली. म्हणून तिच्या जागी पिसांचे शिरस्त्राण आले. मूर्तीचे ओतकाम क्लार्क मिल्स यांच्या शहराबाहेरील ओतशाळेत झाले. त्या ओतशाळेत फिलिप रीड नावाचा एक गुलाम कारागीर होता.

मूर्तीचा प्लास्टरचा नमुना पाच भागांचा होता, परंतु सांधे असे बुजलेले होते की तो सुटा कसा करावा हे कळेना. तेव्हा रीडने डोक्यावरील कडीला कप्पी-दोर लावून नमुना हलकेच वर ओढला आणि सांध्यांच्या भेगा दिसू लागल्या, अशी कथा सांगितली जाते. ही कथाही घटनेनंतर काही वर्षांनी छापली गेली. जो निकष आम्ही लिंकन यांच्या उद्गारांना लावला तोच येथेही लावला पाहिजे. म्हणून कथा बाजूला ठेवू आणि फक्त पगारपत्रक वाचू. १ जुलै १८६० ते १६ मे १८६१ या काळात रीडने ३३ रविवारी साच्यांखालचा विस्तव धगधगता ठेवण्याचे काम केले. दर रविवारी सव्वा डॉलर, एकूण ४१ डॉलर २५ सेंट. सहीच्या जागी फुली. आठवड्याच्या इतर सहा दिवसांची मजुरी मालकाची होती. रविवारची तेवढी त्याची स्वतःची.

आमच्या भिंतीवरचे चित्र ज्या दिवशीचे आहे तो दिवस या दोन तारखांच्या मध्येच पडतो. लिंकन शपथ घेत होते त्या महिन्यांत शहराच्या वेशीबाहेर एक गुलाम ‘स्वातंत्र्या’च्या साच्याखाली विस्तव राखत होता. चित्रात तो नाही, असणारही नाही. पगारपत्रकात मात्र आहे.

१६ एप्रिल १८६२ रोजी वॉशिंग्टन जिल्ह्यातील गुलामांना मुक्त करणारा कायदा झाला. त्यात मालकांना भरपाई मिळे. मिल्स यांनी रीडसाठी १५०० डॉलरचा दावा केला, त्यांना ३५० डॉलर ४० सेंट मंजूर झाले. २ डिसेंबर १८६३ रोजी मूर्तीचा शेवटचा भाग, म्हणजे मस्तक, घुमटावर चढले आणि ३५ तोफांची सलामी झाली. तोवर रीड स्वतंत्र नागरिक झालेला होता. एका माणसाचे एवढे चरित्र हाती आले ते एका पगारपत्रकामुळे आणि एका भरपाईच्या फायलीमुळे.

यावर आमच्याविरुद्ध काय बोलले जाईल याची आम्हांला कल्पना आहे. कोणी म्हणतील, प्रत्येक भव्य गोष्टीत काळा डाग शोधण्याची ही नवी खोड आहे. आमचे उत्तर असे की डाग आम्ही लावलेला नाही. तो खजिन्याच्या वहीत तेव्हाच्या कारकुनाने स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवला आहे. शिवाय रीडचे नाव कळल्याने घुमट आमच्या डोळ्यांत लहान झाला नाही. पूर्वी आम्ही त्याकडे कौतुकाने पाहत होतो, आता कौतुकाने आणि जबाबदारीने पाहतो.

कोणी म्हणतील, अमेरिकेच्या गुलामगिरीशी आपला काय संबंध? आपले मजूर काही गुलाम नव्हते. हा आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही आपल्या गवंड्यांना रीडच्या शेजारी बसवीत नाही. साम्य आहे ते एवढेच: बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर जात नाही, वहीत जाते. आणि वही गेली की ते नाव जगातून जाते.

हे आम्ही अधिकाराने बोलतो, कारण ते पाप आमच्या हातून घडले आहे. सेवेत असताना एका कार्यालयाच्या जुन्या दप्तराची छाननी आमच्याकडे आली. त्यात एका शाळेच्या बांधकामाचे हजेरीपट होते. वाळवीने कडा खाल्लेले, नावांपुढे निळ्या अंगठ्यांचे ठसे. जतनाची मुदत संपलेली होती. नियम आमच्या बाजूने होता. नष्ट करावयाच्या कागदांच्या यादीवर आम्ही सही केली आणि त्या संध्याकाळी कपाटे मोकळी झाली म्हणून समाधानाने घरी आलो. पुढे सुमारे दोन वर्षांनी एक बाई आमच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे वडील त्याच शाळेच्या कामावर बिगारी होते. कुटुंबाच्या रहिवासाचा जुना सरकारी पुरावा त्यांना हवा होता. मुलाच्या दाखल्यासाठी. “साहेब, बापूंचा अंगठा तुमच्या कागदावर असेल,” असे त्या म्हणाल्या. होता. आम्ही तो नष्ट करविला होता. त्या शाळेच्या दारावरची कोनशिला आजही शाबूत आहे. तिच्यावर उद्घाटकांचे नाव आहे, अध्यक्षांचे आहे, अभियंत्यांचे आहे. बाईंना त्या कोनशिलेचा काही उपयोग नव्हता.

आता आपल्या घरांकडे वळू. आपण पिढ्यान्‌पिढ्या या संस्थानी शहरात राहिलेले लोक. कोणाचे पणजोबा फडावर होते, कोणाचे बांधकाम खात्यात, कोणाचे खासगीत. आपल्या माळ्यांवर मोडी कागदांची बोचकी आहेत. आपण त्यांतून काय जपतो? सनदा, वंशावळी आणि महाराजांसमवेतची छायाचित्रे. ज्यांवर गोणी, ब्रास, रोजंदारी आणि माणसांची नावे आहेत ते कागद घर रंगविताना रद्दीत जातात, कारण ते ‘आपले’ नाहीत. म्हणजे अमेरिकेतल्या पानाचे जे झाले तेच आपण घरोघरी करीत आहोत. दर्शनी बाजूवर रंग, आणि पाठीमागचा मजकूर कात्रीखाली. आपल्या राजवाड्याचे वास्तुविशारद मेजर मँट आणि त्यांच्यानंतर काम पुरे करणारे चिझम ही नावे आपली मुले घडाघडा सांगतात. एका तरी पाथरवटाचे नाव त्यांना कोणी शिकविले आहे काय?

“देणगीदारांच्या यादीशेजारी मजुरांची नावे शोभणार नाहीत,” असेही त्या बैठकीत एका सभासदांनी म्हटले. यावर संताप येऊनही आम्ही तेव्हा गप्प राहिलो. आता सांगतो. देणगीदारांनी दिलेला पैसा ज्यांच्या हातून भिंत झाला त्यांच्या शेजारी बसण्यात देणगीदारांचा मानच आहे. आमच्या वडिलांचे नाव त्या देणगीदारांच्या यादीत आहे. ते त्या बायकांच्या नावांशेजारी छापले जावे, अशी आमची इच्छा आहे.

म्हणून आमची मागणी पुन्हा एकदा, आणि या वेळी लेखी. मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीतील गवंडी, सुतार, पाथरवट आणि पाणी वाहणाऱ्या बायकांची नावे, त्यांच्या मजुरीच्या आकड्यांसह, वहीत जशी आहेत तशी स्मरणिकेत छापावीत. नावे थोडी आहेत. दोन पाने पुरतील. ती दोन पाने जाहिरातींतून मोकळी करता येत नसतील तर त्यांचा खर्च आम्ही देऊ. आणि ज्या सभासदांच्या घरी असे कागद असतील त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा मंडळाला हाक मारावी. मोडी वाचणारी आम्ही तीन-चार माणसे अजून डोळे शाबूत ठेवून आहोत.

भिंतीवरचे चित्र आम्ही काढणार नाही. मात्र त्याच्या चौकटीच्या तळाशी आम्ही एक कागदाची पट्टी डकविली आहे. तिच्यावर आमच्या हस्ताक्षरात लिहिले आहे: फिलिप रीड, ३३ रविवार, ४१ डॉलर २५ सेंट. स्मरणिकेची पुढची बैठक पुन्हा आमच्याच घरी व्हावी, अशी विनंती आहे. वही आम्ही काढून ठेवली आहे.